चिखलणीत मिनी ट्रॅक्टरची पुढची चाकं: वळत नाहीत, उचलतात आणि दर पावसाळ्यात बेअरिंग खातात

आर्द्रा लागली, खाचरात पाणी धरलं, तरवा (भाताची रोपं) वीतभर झाला की चिखलणीसाठी, म्हणजे लावणीआधी पाण्यात माती कालवायला, आमच्याकडे मिनी ट्रॅक्टरला उसंत नसते. आठवडाभरात तक्रारी यायला लागतात आणि त्यातल्या बहुतेक पुढच्या चाकांच्या. कोणाचा ट्रॅक्टर स्टेअरिंग फिरवलं तरी सरळच जातो, कोणाचा मेरेवर (बांधावर) चढताना तोंड वर करतो, कोणी गेल्याच वर्षी बेअरिंग टाकलेलं असतं आणि तेच चाक परत खडखडत असतं. कुडाळच्या बाजूला मी स्वतःचा ट्रॅक्टर भाड्याने फिरवतो आणि पावसाळ्यात शेजारपाजारचेही दोन-चार माझ्या खळ्यात येऊन उभे राहतात. माझं म्हणणं एवढंच, की दुखणं पुढच्या चाकात दिसलं तरी मूळ बऱ्याचदा दुसरीकडे असतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी ट्रॅक्टर नेमकं काय करतोय ते बांधावर उभं राहून नीट बघा. चालवणाऱ्याला वरून ते दिसत नाही.

खाली लिहितोय ते 15 ते 25 एचपीच्या, मागे रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती कालवणारं अवजार) लावलेल्या ट्रॅक्टरबद्दल आहे. टू व्हील (इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना) आणि फोर व्हील (जोर चारही चाकांना) दोन्ही आपल्याकडे चालतात. जिथे फरक पडतो तिथे वेगळं सांगतो.

स्टेअरिंग फिरतं, ट्रॅक्टर वळत नाही

"चाका वळतत रे, पण ट्रॅक्टर आपलो सरळच जाता." हे ऐकलं की मी पहिल्यांदा डिफ लॉकचं, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणाऱ्या लॉकचं, पेडल बघतो. ते पायाशी, खालच्या बाजूला असतं. चिखल आणि धसकटं त्याच्या खाली आणि स्प्रिंगमध्ये इतकी घट्ट बसतात की पाय काढला तरी पेडल पूर्ण वर येत नाही. मग मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि ट्रॅक्टरला सरळ रेटत राहतात. पुढची चाकं आडवी होऊन नुसता चिखल लोटतात. पेडलखालचा चिखल बोटाने काढा, स्प्रिंग मोकळी करा. पेडल वर आलं तरी लॉक सुटत नसेल तर क्लच दाबून स्टेअरिंग सरळ करा आणि ट्रॅक्टर हातभर पुढे-मागे घ्या. दातांवरचा ताण गेला की लॉक आपोआप सुटतो. एवढ्याने काम झालं तर पुढचं वाचायची गरज नाही.

पेडल ठीक असेल तर चालवायची पद्धत बघा. वळण आलं की स्टेअरिंग शेवटपर्यंत पिळायची अनेकांना सवय असते. डांबरी रस्त्यावर ते चालून जातं. चिखलात पूर्ण आडवं झालेलं चाक फिरायचंच थांबतं, त्याच्या पुढे मातीचा ढीग साचतो आणि तो ढीगच ट्रॅक्टरला अडवतो. चाक अर्ध्यापेक्षा कमी वळवा आणि ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा एकटा ब्रेक हलकेच दाबा. त्यासाठीच दोन ब्रेक पेडलं वेगळी दिलेली असतात. खाचरातून बाहेर पडून रस्त्याला लागण्याआधी मात्र दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी न विसरता लावा. वेगात एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटतो.

टू व्हीलच्या पुढच्या टायरवर आडवी घसर अडवायचं काम त्या उभ्या रिब (रबराच्या उंच पट्ट्या) करतात, त्यातही मधली जास्त. भाड्यासाठी गावोगाव रस्त्यावर फिरलेल्या ट्रॅक्टरची मधली रिब सपाट झालेली असते. असा टायर कोरड्यात तक्रार देत नाही, चिखलात मात्र साबणावर चालल्यासारखा घसरतो. त्यावर दुरुस्ती नाही, टायर बदलावाच लागतो.

फोर व्हीलवाल्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, फोर व्हीलचा दांडा टाकल्यावर पुढची चाकं खरंच ओढतात का. बाजूला उभं राहून बघा: चाकामागे चिखल फेकला जात असेल तर ओढतंय, चाकापुढे ढीग होत असेल तर ते मागून नुसतं ढकललं जातंय. दोन, टायरच्या बाजूवरचा बाण. पंक्चर काढून देताना टायर उलटा चढवला गेला की नख्यांमधला चिखल बाहेर पडत नाही आणि थोड्या वेळात टायर गुळगुळीत गोळा होतो. बाण पुढे फिरण्याच्या दिशेलाच हवा.

थंड देशांत अशाच छोट्या ट्रॅक्टरला पुढे पातं लावून अंगणातला बर्फ लोटतात. तिथेही हीच रड असते, पातं तिरकं लावलं की पुढची चाकं बाजूला सरकतात. ते लोक चाकांना साखळ्या बांधतात आणि ट्यूबमध्ये वजनासाठी पाणी भरतात, ते गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळून. त्यांचे व्हिडिओ बघून इथे साखळ्या बांधायच्या भानगडीत पडू नका. चिकट मातीत साखळीच्या कड्या भरून जातात आणि उपयोग शून्य. ट्यूबमध्ये पाणी भरायचंच असेल तर आपल्याकडे साधं पाणी चालतं. क्लोराइड गळलं तर रिम खातं, आणि आपल्या रिम खाऱ्या वाऱ्याने आधीच गंजलेल्या असतात.

तोंड वर करतो

हा प्रकार चेष्टेवारी नेऊ नका. इथे स्टेअरिंगपुरता प्रश्न राहत नाही, जीवावर बेततं.

हिशोब सोपा आहे. समजा ट्रॅक्टर 800 किलोचा आहे आणि त्यातले 320 किलो पुढच्या चाकांवर आहेत. मागे 200 किलोचा रोटाव्हेटर उचलून धरला, त्याचा भार मागच्या एक्सलपासून 90 सेंटिमीटर मागे पडतो आणि पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर दीड मीटर आहे. मग रोटाव्हेटर पुढच्या चाकांवरचे 120 किलो उचलून घेतो. उरतात 200. रोटाव्हेटर उचललेला असतानाही ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या निदान 20 टक्के भार पुढे राहायला हवा, असा नियम धरतात. इथे तो 160 किलो होतो, म्हणजे सपाटीवर आपण नियमात बसतो. पण चढ लागला की भार आणखी मागे सरकतो, आणि रोटाव्हेटरवर पाच-पन्नास किलो चिखल चिकटलेला असतो तो वेगळाच. मेरेवर पुढची चाकं हवेत जातात ती अशी.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे पुढच्या बंपरला कंपनीची लोखंडी वजनं टांगणं. पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे टांगलेले 40 किलो पुढच्या चाकांवर पन्नासहून जास्त होऊन बसतात, कारण ते मागचाही थोडा भार पुढे ओढतात. वाळूची पोती दोरीने बांधणारे बरेच आहेत. पोतं भिजतं, सरकतं, फाटतं आणि रेडिएटरची जाळी झाकतं. वजनंच घ्या. पण कंपनीच्या पुस्तकात जितकी लिहिलीत त्याहून जास्त नकोत, नाहीतर पुढच्या मथळ्याखालची तक्रार सुरू होईल.

मेरेवर चढताना रोटाव्हेटर जमिनीपासून सुटेल इतकाच उचला, पूर्ण वर घेऊ नका. पीटीओ (रोटाव्हेटर फिरवणारा शाफ्ट) बंद करा. मेर उंच असेल तर दोन फावडी माती टाकून उतार करा, किंवा मेर तेवढ्यापुरती फोडा आणि काम झाल्यावर परत बांधा. शेजारी कुरकुरेल, कुरकुरू दे. उतार करणं शक्यच नसेल तर रिव्हर्समध्ये चढवा, म्हणजे जड बाजू चढाच्या वरच्या अंगाला राहते आणि तोंड उलटत नाही.

मागची चाकं रुतली की काहीजण मागच्या चाकाला बांबू किंवा ओंडका आडवा बांधून गाडी काढायला बघतात. हे अजिबात करायचं नाही. चाक फिरायचं थांबलं आणि इंजिनाचा जोर चालूच राहिला, तर तो जोर ट्रॅक्टरलाच मागच्या एक्सलभोवती फिरवतो. तोंड उचलून ट्रॅक्टर चालकावर पालथा पडायला दोन सेकंदही लागत नाहीत, क्लचवर पाय जाईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. केज व्हील (लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावलेल्या ट्रॅक्टरला हा धोका जास्त, कारण त्या लोखंडी चाकांची पकड सुटतच नाही. रुतला तर रोटाव्हेटर टेकवा, इंजिन बंद करा, चाकामागची माती फावड्याने काढा आणि रिव्हर्समध्ये आल्या वाटेने बाहेर या. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचं तर साखळी ओढणाऱ्याच्या खालच्या हिचलाच लावा. टॉप लिंकला (अवजाराच्या वरच्या जोडदांड्याच्या जागी) किंवा सीटच्या उंचीवर लावली तर ओढणारा ट्रॅक्टर उलटतो.

पुढचं चाक रुततं

जांभ्याच्या उतारावरच्या दळ्यांना (पायऱ्यांच्या खाचरांना) बहुतेक ठिकाणी चिखलाखाली कडक तळ लागतो, तिथे ही तक्रार कमी. व्हाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) आणि खाडीकडच्या मळ्यात तळ सापडत नाही. आधी पायाने चालून बघा. तुमचा पाय पुढच्या चाकाच्या हबच्या (मधल्या भागाच्या) उंचीपेक्षा खोल जात असेल तर तो कुणगा (खाचराचा तुकडा) मिनी ट्रॅक्टरचा नाही. तिथे पॉवर टिलर घाला किंवा बैलांचं जोत. बाकी ठिकाणी पुढची वजनं उतरवा आणि पुस्तकात दिलेल्या सगळ्यात कमी हवेपर्यंत हवा कमी करा. त्याखाली गेलात तर रिम टायरमध्ये सरकते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरा.

दर पावसाळ्यात तेच बेअरिंग

आता ज्यासाठी मुळात लिहायला घेतलं ते. टू व्हीलच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर बेअरिंगं असतात, एक मोठं आतल्या बाजूला, एक लहान बाहेर. आतल्या बाजूला ऑइल सील, बाहेर टोपी. जुलैत आवाज आला की माणूस बेअरिंग बदलतो, ग्रीस भरतो, आणि पुढच्या जुलैत परत त्याच दारात येतो. बेअरिंग मरतं ते पाण्याने. पाणी येतं सीलमधून. सील नवीन टाकूनही पाणी का येतं, हे कोणी बघत नाही.

त्याची कारणं मला तीन सापडतात, आणि एकाच हबमध्ये तिन्ही असू शकतात.

पहिलं, स्टबवरची (हब ज्या दांड्यावर फिरतो त्यावरची) चर. सीलची रबरी ओठी जिथे स्टबला टेकते तिथे चिखलाच्या बारीक कणांनी धातू घासला जाऊन गोल चर पडते. हब काढल्यावर स्टब डिझेलने पुसा आणि तिथून नख फिरवा. नख अडकलं म्हणजे चर आहे, आणि त्यावर कितीही महाग सील टाका, ओठी चरीतून पाणी आत सोडणारच. चर बारीक असेल तर नवीन सील दोन-तीन मिलिमीटर बाहेर किंवा आत ठोकून ओठी चांगल्या जागी आणता येते, जागा असेल तरच. खोल असेल तर लेथवाल्याकडे नेऊन त्या जागी पातळ स्लीव्ह बसवून घ्या. या एका कामाने वर्षानुवर्षांचं दुखणं थांबलेले ट्रॅक्टर आमच्या वाडीतच आहेत.

दुसरं, दोरा. आपल्याकडे जुनी मासेमारीची जाळी भाजीच्या वाफ्याला, तरव्याला कुंपण म्हणून लावतात. त्याचे नायलॉनचे तुकडे खाचरात पडतात, हबच्या मागे स्टबभोवती गुंडाळतात आणि सीलच्या ओठीखाली शिरून ती कापतात. बाहेरून काही दिसत नाही, कारण वर गवत आणि चिखल थापलेला असतो. हब काढल्यावर सीलची ओठी एकाच जागी सुरीने चिरल्यासारखी दिसली तर दोरा शोधा, तिथेच असेल. चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी हबच्या मागे बोट घालून फिरवायची सवय लावा.

तिसरं, व्हाळ. दिवसभर काम, मग चौथ्या गिअरमध्ये रस्त्याने घरी, आणि वाटेत ट्रॅक्टर थेट व्हाळात घालून धुणं. रस्त्यावर धावून हब तापलेला असतो, आतली हवा प्रसरण पावलेली असते. गार पाण्यात गेला की ती आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. सकाळी रस्त्याने येऊन लगेच पाण्याच्या खाचरात उतरतानाही तेच होतं. हबवर हात ठेवून बघा, गरम लागला तर दहा मिनिटं थांबा, तेवढ्यात चहा होतो. प्रेशर वॉशरचा झोतही हबच्या मागच्या बाजूला मारू नका. तो सीलची ओठी उलटी करून पाणी आत ढकलतो.

बसवताना सीलची स्प्रिंगवाली बाजू आत, बेअरिंगकडे. दुहेरी ओठीचं मिळालं तर तेच घ्या आणि दोन ओठींच्या मधे ग्रीस भरा. दुकानात जुनं सील घेऊन जा, त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात. ग्रीस कॅल्शियम सल्फोनेटचं मिळालं तर उत्तम, पाण्याला आणि खाऱ्या हवेला ते चांगलं टिकतं. नाहीतर लिथियम कॉम्प्लेक्स. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा, दोन जातींची मिसळली तर पातळ होऊन वाहून जातात. ग्रीस बेअरिंगच्या रोलरमध्ये तळहाताने दाबून भरा, नुसतं वरून फासू नका. नट आवळताना चाक हाताने फिरवत राहा. फिरायला जड लागलं की थांबा, नट मागे घेऊन जवळच्या भोकाशी आणा आणि नवीन कॉटर पिन घाला. जुनी पिन सरळ करून परत वापरणं म्हणजे काटकसर नव्हे.

फोर व्हीलच्या पुढच्या एक्सलमध्ये ग्रीसच्या जागी तेल असतं. तिथे खालचा ड्रेन बोल्ट जरासा सैल करून पहिले चार थेंब बघा. पाणी तेलाखाली बसतं, म्हणून आधी तेच येतं. तेल दुधट दिसलं तर ते पूर्ण काढून पुस्तकातल्या ग्रेडचं नवीन भरा, सील बघा, आणि ब्रीदर शोधा. एक्सलवर छोटी टोपी किंवा नळी असते, आत हवा खेळती राहावी म्हणून. ती चिखलाने बुजली की गरम-गार होताना सगळा ताण सीलवर येतो. हा ब्रीदर कुठे आहे हेच बहुतेक मालकांना माहीत नसतं.

रस्त्यावर आल्यावर पुढचं चाक डुगडुगतं

आधी रिमच्या आतला चिखल खरवडा. एका बाजूला वाळलेली माती चाकाचा तोल घालवते आणि माणूस किंग पिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) बदलायला निघतो. मग चाकाचे नट. डिस्कची भोकं अंडाकृती झाली असतील तर नट कितीही आवळा, परत सैल होणार. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि तासभर चालवून परत एकदा बघा.

तेवढ्याने भागलं नाही तर कडक जमिनीवर ट्रॅक्टर आणून मागच्या चाकांना ओट (अडसर) लावा आणि पुढचा एक्सल जॅकवर घ्या. आधाराला जांभ्याचा चिरा ठेवू नका, ओला चिरा कधी फुटेल सांगता येत नाही. फणसाचा जाड ओंडका किंवा लोखंडी स्टँड घ्या. चाक वर आणि खाली धरून हलवा, आणि दुसऱ्याला मागून बघायला सांगा. हब स्टबवर हलतोय तर बेअरिंग सैल आहे. स्टबही चाकाबरोबर हलतोय तर किंग पिनचं बुश गेलंय. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवा, तिथे खेळ लागला तर टाय रॉडचे (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) बॉल बघा. सगळा एक्सलच मधल्या पिनवर मागे-पुढे खेळत असेल तर सेंटर पिनचं बुश. किंग पिनला ग्रीस मारतानाही चाक असं अधांतरी हवं. भार असताना मारलेलं ग्रीस जिथे घासतं त्या थ्रस्टपर्यंत पोहोचतच नाही. चिखलणीत रोज मारा, जुनं मातकट ग्रीस बाहेर येईपर्यंत.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढून किंचित आत झुकलेली असणं. दोन्ही टायरवर मध्यभागी हबच्या उंचीवर पुढच्या बाजूला खडूची खूण करा आणि अंतर मोजा. ट्रॅक्टर हळूच पुढे ढकला, खुणा मागे त्याच उंचीवर आल्या की परत मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमी हवं, छोट्या ट्रॅक्टरना साधारण 2 ते 8 मिलिमीटर, नेमका आकडा पुस्तकात असतो. टाय रॉड वाकला असेल तर लांबी कमी-जास्त करून वेळ मारून नेऊ नका, रॉड बदला. चिखलात बुडालेल्या दगडावर चाक आपटून तो वाकतो आणि बाहेरून सरळच वाटतो.

फोर व्हीलवर एक जादा काळजी. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने ओढतील अशीच गिअरची रचना असते. म्हणून डांबरी रस्त्यावर दांडा काढलेला हवा, नाहीतर टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. टायरही त्याच मापाचेच घ्यायचे. पुढे भलत्याच मापाची जोडी बसवली की ते गणित बिघडतं आणि एक्सलमधून घरघर सुरू होते.

खाडीकाठच्या खार जमिनीत, जिथे पनवेल-2 किंवा पनवेल-3 भात लावतात, तिथून आलेला ट्रॅक्टर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायला हवा, हब गार झाल्यावर. नट आणि स्टड सुकले की त्यावर ग्रीसचा हात फिरवा. लावणी संपली की ट्रॅक्टर गणपतीपर्यंत पडवीत तसाच उभा करतात. त्याआधी दोन्ही पुढचे हब एकदा खोलून बघा. आत पाणी शिरलेलं असेल तर बेअरिंग त्या महिन्या-दीड महिन्यात उभ्या उभ्या गंजतं, आणि पुढच्या जुलैत येणारा खडखडाट या ऑगस्टमध्येच आत तयार झालेला असतो.